कानावरची पेन्सिल

“पेन्सिल कशाला, आबा?”

स्टेडियमच्या फाटकाजवळ, उसाच्या रसाच्या गाड्याआड थांबून आबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि डाव्या कानावर नीट अडकवली. आबांच्या हातात पेन्सिल मी त्याआधी कधी बघितली नव्हती. सही यायची त्यांना, पण ती करताना जिभेचं टोक बाहेर यायचं आणि कपाळावर घाम. ही पेन्सिल तर चांगली टोक केलेली, लालभडक, चकचकीत.

“असू दे,” ते म्हणाले. “स्टँडात लागती.”

“लिहायला?”

“अक्काताई, तुला लोखंड उचलायचंय का न्हाई? मग आज गप बसायचं. इचारायचं ते मी इचारतो.”

अक्काताई म्हणजे मी. नाव वैजयंता, वय तेरा. लाड आला किंवा भीती वाटली की आबा मला अक्काताई म्हणायचे. त्या दिवशी दोन्ही असावं.

झालं होतं असं, की आमच्या शाळेत सावंत सर म्हणून खेळाचे नवे मास्तर आले होते. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वेटलिफ्टिंग सुरू केलं होतं. स्नेहसंमेलनाच्या वेळी रंगमंचावरची मोठी लाकडी पेटी मी एकटीनं बाजूला सारली, ते त्यांनी बघितलं आणि माझ्या मागंच लागले. “पोरी, तुझे पाय बघितलेस का कधी? हे पाय काय नुसते चालायला दिलेत देवानं?” माझे पाय जाड होते. वर्गातल्या मुली मला उखळ म्हणायच्या. त्या पायांबद्दल कुणीतरी चांगलं बोलतंय हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला ते शेड हवं झालं. दुसरं काही म्हणजे काही नको झालं.

आई म्हणाली, “मुलीच्या जातीनं?” आणि भाकरी थापायला लागली. आबा मात्र भात कालवत राहिले, कालवत राहिले, आणि शेवटी म्हणाले, “रविवारी आण्णास्नी इचारू. खेळातली माणसं हायत ती. ती हो म्हटली तर जा. न्हाई म्हटली तर परत नाव काढायचं न्हाई.”

म्हणजे माझा खटला कोल्हापूरच्या फुटबॉलच्या स्टँडात चालणार होता.

आबा मार्केट यार्डात हमाल होते. गुळाचे रवे, साखरेची पोती, मिरचीची ठिकी, जे येईल ते. मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा गुळाचा वास, माश्या आणि त्या सगळ्यावरून येणाऱ्या हाका. “ए हिंद्या, हिकडं ये!” “ए हिंद्या, झोपलास काय रं?” हाका मारणारी काही पोरं आबांच्या निम्म्या वयाची होती. आबांचं नाव हिंदुराव. नाव एवढं भारदस्त, आणि माणूस पाच फुटाला कुठंतरी टेकलेला. मानेवर, केस संपतात तिथं, काळा घट्टा. बैलाच्या मानेवर जुवाचा असतो तसा.

रविवारी मात्र ते वजरीच्या दगडानं अंग घासघासून आंघोळ करायचे. आईनं कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालायचे, वरचं बटणसुद्धा लावायचे, आणि जेवून जे जायचे ते दिवेलागणीला परत. मॅच नसेल त्या रविवारी घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, कारण त्यांना स्वतःलाच आपलं काय करायचं ते कळायचं नाही.

तर असे आम्ही दोघं स्टँडात शिरलो. बायका त्या काळी तिथं नसायच्याच. माणसं माझ्याकडं बघत होती. आबा माझा हात धरून वर चढत होते. मधल्या पायऱ्यांवर पोचलो तोवर वरून हाक आली.

“या दिवाणजी, या! सरका रं, दिवाणजींना जागा द्या!”

आमच्या मागून कोण दिवाणजी येतोय म्हणून मी वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

“नमस्कार, आण्णा,” आबा म्हणाले. आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी ओळखत नव्हते. मऊ, सावकाश, दुकानात गादीवर बसलेल्या माणसाचा. “ही आमची कन्या.”

कन्या! घरी मी कार्टी होते.

आण्णा सासने म्हणजे त्या स्टँडाचे मालकच म्हणा. एके काळचे पैलवान, आता गंगावेशीत दुधाचा कट्टा आणि दारात म्हशी. अंग एवढं, की त्यांची एकट्याची जागा म्हणजे इतर दोघांची. गळ्यात आमच्या जुना बुरूज तालमीच्या फुटबॉल संघाचा काळा-पिवळा रुमाल. त्यांच्या डाव्या अंगाला इस्माईलभाई शिकलगार, शिंपी. बोलताना समोरच्याचं माप घेतल्यासारखे वर-खाली बघायचे. उजवीकडं बँकेतले कदम साहेब, चष्मा, मांडीवर घडी केलेलं मासिक. या तिघांच्या मधोमध आबांची जागा होती. खरंच होती. ठेवलेली होती.

मॅच सुरू झाली आणि मोडलीसुद्धा. समोरच्या मोरे गल्ली संघाच्या पोरानं आमच्यावर गोल मारला. आमच्या पोरांचं म्हणणं, हात लागला. पंच म्हणाले, नाही. आमचा संघ मैदानाबाहेर जाऊन बसला. समोरच्या स्टँडातून शिव्या, आमच्या स्टँडातून त्याच शिव्या परत. पंच, तालमीचे पुढारी आणि पोलीस मधल्या वर्तुळात उभे राहून वाद घालू लागले.

“आता तासाची निश्चिंती,” आण्णा म्हणाले. “भेळ सांगा रं.”

आमच्या पुढच्या पायरीवर एक नवे गृहस्थ बसले होते. देसाई म्हणून, टपाल खात्यात, नुकतेच सावंतवाडीकडून बदलून आलेले. भेळेचा कागद हातात घेऊन ते मागं वळले. “तुम्ही सगळे एकत्र असता वाटतं? एका खात्यातले?”

सगळे एकदम हसले.

“खातं एकच, बुरूज तालीम!” आण्णा म्हणाले. “बाकी मी म्हशीतला. म्हशी माझं ऐकत न्हाईत, आणि हे आमचे खेळाडूबी ऐकत न्हाईत.”

“मी शिंपी,” इस्माईलभाई म्हणाले. “ह्या पोरांच्या चड्ड्या मीच शिवल्यात. पळताना उसवली तर माझं नाव निघतंय, गोल झाला तर माझं कुणी नाव काढत न्हाई.”

“बँकेत,” कदम साहेब म्हणाले. “रोखपाल.”

देसाईंनी आबांकडं बघितलं. आबांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली.

“अडतीत असतो. गुळाच्या,” ते म्हणाले. “हिशेबाला.”

मी भेळ खात होते. हातातला चमचा म्हणून घेतलेला कडक पुरीचा तुकडा तसाच राहिला. मी आबांकडं बघितलं. आबा मैदानाकडं बघत होते, जणू तिथं फार मोठं काही चाललंय. तिथं एक कुत्रं गोलपोस्टाला तंगडी वर करत होतं.

“डोकं लई शांत आमच्या दिवाणजींचं,” आण्णांनी देसाईंना सांगितलं. “सगळा स्टँड पेटला तरी हे ‘अहो, जाऊ द्या’ म्हणणार.”

“आण्णा,” आबा मग म्हणाले, “एक इचारायचं होतं. ह्या पोरीबद्दल.” आणि त्यांनी माझं गाऱ्हाणं मांडलं. सरांचं, शेडचं, लोखंडाचं. चांगलं मांडलं. माझे पाय मात्र त्यातनं वगळले.

भेळ संपली. मग सगळे एकदम बोलले.

“लोखंड नको,” आण्णा म्हणाले. “लोखंड रक्त सुकवतंय. जोर मारू दे, बैठका काढू दे, मातीत लोळू दे. दूध माझ्याकडनं न्या. पण लोखंड म्हंजे मेलेली वस्तू, तिच्याशी काय झुंजायचं?”

“मी माप सांगतो,” इस्माईलभाई माझ्या खांद्यांकडं बघत म्हणाले. “वजन उचलणाऱ्या पोरांचे खांदे रुंद होत्यात आणि बाही आखूड पडती. पोरगा असला तर ठीक. उद्या हिचं लगीन ठरलं, तर ब्लाऊज कोण शिवणार? मलाच शिवाय लागणार. कापड पुरायचं न्हाई, आई शपथ.”

हशा झाला. मी फ्रॉकच्या आत खांदे लहान करायचा प्रयत्न केला.

“आमच्याकडे मुली विहिरीवरून डोक्यावर दोन-दोन कळशा आणतात,” देसाई म्हणाले. “त्यांना कुठं कोण विचारतं? मला वाटतं, शिकवणारा नीट असेल तर—”

“अहो, कळशी वेगळी,” कदम साहेबांनी हात वर केला. त्यांनी हात वर केला की स्टँडात गप्प बसायची पद्धत होती, कारण ते वाचायचे. “शास्त्र काय सांगतं? लहानपणी हाडांची टोकं कच्ची असतात. त्यावर भार आला की उंची तिथंच थांबली. मी परवाच वाचलंय. आणि वाचायला तरी कशाला पाहिजे? मार्केट यार्डात जा. मला एक, फक्त एक उंच हमाल दाखवा.”

“न्हाई बाबा, नसतोय,” इस्माईलभाई म्हणाले.

“नसतोच! पोरवयापासून ओझं. मान खांद्यात गेलेली. पाय असे, कंसासारखे फाकलेले. मानेवर घट्टा, जनावरासारखा. चालताना बघा, पाठीवर काही नसलं तरी वाकूनच चालतात. माणूस आहे का खेचर, लांबून कळायचं नाही.”

परत हशा. आण्णांचं पोट हसताना हलायचं आणि सगळी पायरी हलायची.

आबांनी पाय आत ओढले. पायरीच्या खाली, जेवढे जातील तेवढे. मग हात मागं नेला आणि शर्टाची कॉलर हळूच वर केली, थंडी वाजल्यासारखी. उन्हाळ्याचे दिवस होते.

“दिवाणजी, तुम्ही तर रोज बघता की,” कदम साहेब म्हणाले. “तुमच्या अडतीत असतील चार-सहा. सांगा, खरं का खोटं?”

तेवढ्यात मला एक गोष्ट कळली. या सगळ्या खटल्यात माझ्या बाजूचा एकच साक्षीदार होता. माझ्या शेजारी बसला होता. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा, कधी ताप नाही, कधी पाठ धरून बसला नाही असा. मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘आमचे आबा—’

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. पण त्यांचा हात माझ्या मनगटावर येऊन टेकला. धरला नाही, नुसता टेकला.

“खरं हाय,” ते कदम साहेबांना म्हणाले. “बरोबर बोलताय तुम्ही. मी बघतोय की रोज.”

“झालं तर मग,” आण्णा म्हणाले. “पोरगीला बैठका शिकवा, दिवाणजी. लोखंडाचं नाव नको.”

माझा खटला संपला. मी मांडीवरच्या कागदाची घडी घालत बसले. रडायचं नव्हतं, म्हणून घडीवर घडी घालत राहिले. शेवटी तो कागद आगपेटीएवढा झाला.

मैदानातला वाद मिटला. गोल रद्द झाला, खेळ परत सुरू झाला, आणि शेवटाला शेवटाला आमच्या डाव्या बाजूच्या पोरानं असा काही गोल मारला की स्टँडचा स्टँड उभा राहिला. मी सोडून. नंतर शिट्टी वाजली, आणि गुलाल कुठून आला कुणास ठाऊक, पण हवा लाल झाली.

आमच्या तालमीची एक रीत होती. मोरे गल्लीला हरवलं की आण्णा आपल्या पायांनी खाली उतरायचे नाहीत. त्यांना खांद्यावर घेऊन मैदानात न्यायचं, मधल्या वर्तुळात उभं करायचं, मग ते शड्डू ठोकणार. पूर्वी ते पैलवान होते तेव्हाची रीत. तेव्हापासून रीत तेवढीच राहिली होती, आण्णा मात्र वाढले होते.

चौघांनी त्यांना उचललं. “बोला, बुरूज तालमीचा...” “विजय असो!” दोन पायऱ्या नीट उतरले. तिसऱ्या पायरीवर पुढच्या दोघांपैकी एकाचा पाय गुलालावरून सरकला. आण्णा पुढं कलले. मागच्यांच्या हातातून मांड्या सुटल्या. खाली पायऱ्याच पायऱ्या, सिमेंटच्या, खड्या. मागून गर्दीचा लोंढा. आण्णांच्या तोंडातून बारीकसा, लहान मुलासारखा आवाज आला.

तेव्हा मी तो दुसरा आवाज ऐकला. यार्डातला.

“वाऽट!”

फळीवरून चढताना हमाल देतात ती आरोळी. पोटातून येते, आणि कुणीही असो, बाजूला होतोच. गर्दी फाटली. आबा आण्णांच्या पुढं दोन पायऱ्या खाली गेले होते, पाठ त्यांच्याकडं केलेली, गुडघ्यात वाकलेले. “सोडा! समदे हात सोडा! आण्णा, भार टाका पाठीवर. टाका म्हणतो न्हवं!” आण्णांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या खांद्यांवरून पुढं ओढले, मनगटं घट्ट धरली, कमरेत एक हिसका दिला, आणि तेवढा मोठा माणूस पायऱ्यांवरून सुटून आबांच्या पाठीवर गेला.

आणि आबा चालायला लागले. पोतं घेऊन चालतात तसे: मान खाली, पावलं बारकी, पटपट, टाचेनं पुढची पायरी चाचपत. घसरतं ओझं हमालाला बघवत नाही. दुसरं काही नाही. त्यांनी ते ठरवून केलं नसणार. वर आण्णांचा काळा-पिवळा रुमाल, खाली आबांचे ते कंसासारखे पाय. पेन्सिल कुठल्यातरी पायरीवर पडली होती. शर्ट मागं ओढला गेला होता, आणि घट्टा उघडा होता, गुलालानं माखलेला.

सगळा स्टँड माना वाकवून बघत होता. मग टाळ्या वाजायला लागल्या.

मी ओरडत होते. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होते. “आबाऽ! आमचे आबा हायत ते!” पेन्सिल दिसली तशी उचलून घेतली आणि उड्या मारत खाली गेले.

वर्तुळात आबांनी आण्णांना अलगद टेकवलं. आण्णांनी शड्डू ठोकलाच नाही. ते आबांच्या मानेकडं बघत होते. मग त्यांनी आबांना मिठी मारली, खरोखर प्रेमानं.

“आरं, तू दिवाणजी कसला रं! हमाल हायस की तू! वाघ हायस लेका, वाघ!”

सगळे भोवती आले. कुणी आबांचे दंड दाबून बघितले, कुणी पाठीवर थापा मारल्या. कदम साहेब जरा लांब उभे राहून चष्मा पुसत होते. गुलाल पुसला जात नव्हता, का पुसून झाल्यावर बघायचं कुणाकडं ते कळत नव्हतं. इस्माईलभाई पुढं झाले आणि आबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “लेका, आधी न्हाई का सांगायचं? मंगळवारी मोकळा हायस काय? माडीवर कपाट चढवायचंय. चौघं येऊन गेले, जिन्याच्या वळणावर अडतंय.”

आबा हसले. ते हसू मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं आहे.

“येतो की,” ते म्हणाले.

“आणि ए, ऐक,” आण्णा म्हणाले, “पोरगीला उचलू दे लोखंड! बापाचं हाड हाय तिच्यात. मी सांगतो, उचलू दे!”

घरी जाताना मी पुढं पळत होते. मी जिंकले होते. रंकाळ्याच्या बाजूला वळताना मागं बघितलं तर आबा रस्त्यावरच्या नळाला मान धूत होते. धुऊन झाल्यावर त्यांनी ओली कॉलर परत वर केली, बटण लावलं.

“आबा, तुमची पेन्सिल.”

“ठेव तुझ्याकडं. शाळेत लागंल.” थोडं चालल्यावर म्हणाले, “अक्काताई, आईला मॅचचं सांग. बाकीचं नको.”

मंगळवारी ते कपाट चढवून आले. पुढच्या रविवारी आईनं शर्टाला इस्त्री केली आणि खुंटीला लावला. आबा म्हणाले, पाठ दुखतेय. त्यांची पाठ दुखते हे आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखली, मग दर रविवारीच दुखायला लागली. शर्ट खुंटीवर राहिला, त्याची इस्त्री मोडली.

आईनं मला चुलीपुढं गाठलं. “काय झालं त्या दिवशी? खरं सांग.”

सांगायचं नाही हे मी विसरले नव्हते; पण एवढी चांगली गोष्ट पोटात किती दिवस ठेवायची? मी सगळं सांगितलं. आरोळी, पायऱ्या, टाळ्या. आण्णांचं अंग केवढं ते हात पसरून दाखवलं. आई हसेल म्हणून थांबले.

“कुणाकुणापुढं?” आईनं विचारलं.

“सगळ्यांपुढं! सगळा स्टँड!”

आईनं फुंकणी खाली ठेवली.

“सहा दिवस त्यांना सगळी ‘ए’ म्हणत्यात,” ती म्हणाली. “एक दिवस ‘अहो’ म्हणायची.”

मग ती परत चुलीत फुंकायला लागली. धूर फार झाला होता, असं तीच म्हणाली.

मी शेडमध्ये जायला लागले. आण्णांच्या शब्दानं मिळालेलं ते लोखंड हातात पहिल्यांदा घेतलं तेव्हा ते थंड होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. सर म्हणायचे, तुला वाकायचं शिकवावं लागत नाही, कुठं बघून आलीस? मी पुढचं वजन लावायची.

आणखी काही वर्षांनी सोलापूरला राज्य स्पर्धेत मला पदक मिळालं. आई-आबा आले होते. आबांनी तोच शर्ट घातला होता, आता कॉलरीला धागे सुटलेला. पदक गळ्यात पडल्यावर वर्तमानपत्राचा एक तरुण बातमीदार वही काढून मंचाजवळ आला. सावंत सर माझ्या कानाशी वाकले. “वडलांचं विचारेल. ताठ मानेनं सांग, हमाल आहेत म्हणून. लाज कसली? फोटो पहिल्या पानावर येतो बघ.”

सर चांगले होते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही घरून तसंच ठरवून निघाले होते. वाक्यसुद्धा पाठ होतं.

“वडील काय करतात?” त्यानं विचारलं. मंचावरचा माईक आमच्या दोघांच्या मधे होता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

मी खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत आबा बसले होते. आजूबाजूला अनोळखी माणसं, सगळी माझा बाप कोण ते बघायला माना वळवतायत. आबांचे पाय खुर्चीखाली गेले. हात मागं, कॉलरीकडं गेला.

“गुळाच्या अडतीत असतात,” मी म्हणाले. “हिशेबाला.”

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी वजन पाडलं असतं तरी तसं बघितलं नसतं. बातमीदारानं वही मिटली. आणि आबांचा हात कॉलरीपर्यंत जाऊन तिथंच थांबला, मग खाली आला, मांडीवर. शेजारच्या माणसानं त्यांना काहीतरी विचारलं असावं. त्यांनी सावकाश, गादीवर बसल्यासारखी मान हलवली.

बातमी आतल्या पानावर आली, खालच्या कोपऱ्यात, फोटोशिवाय: दिवाणजी हिंदुराव यादव यांची कन्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी दारात कुणीतरी खाकरलं. इस्माईलभाई होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरी. हातात ते कात्रण, आण्णांच्या दुधाच्या कट्ट्यावर भिंतीला लावलं होतं तिथून काढलेलं. मागं खळीचा डाग. आमचं ते दीड खोलीचं घर, दारामागं टांगलेली आबांची डोक्यावर घ्यायची पोत्याची खोळ आणि पोती ओढायची आकडी, सगळं त्यांच्या नजरेनं मापून झालं. मग त्यांनी चपला नीट जोडून बाहेर ठेवल्या आणि आईला विचारलं,

“दिवाणजी हायत काय घरात?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

आबा आतून आले. इस्माईलभाईंनी हात जोडले. “रविवारी मोरे गल्ली हाय. आण्णा म्हणालेत, दिवाणजींना सांगा, जागा ठेवलीय. इतकी वर्षं कुणाला बसू दिलं न्हाई.” मग खाली बघत म्हणाले, “याल नव्हं तुम्ही?”

“बघू,” आबा म्हणाले. “यार्डात हिशेबाचं लई काम हाय सध्या.”

“व्हय, असणारच,” इस्माईलभाई म्हणाले. “असणारच की.”

ते गेल्यावर आबा खोळीकडं पाठ करून बसले. आईनं खुंटीवरचा शर्ट काढला आणि इस्त्रीत कोळसे भरायला घेतले.

“अक्काताई,” आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, “ती पेन्सिल तुझ्याकडं होती न्हवं?”

माझ्या कंपासपेटीत होती. एकदाही वापरली नव्हती. मी ती काढली, आणि टोक होतंच, तरी परत एकदा करून त्यांच्या हातात दिली.